तिसऱ्या दिवसाचं दूध

“आज लई उशीर केलास, दादा,” सुंदरा म्हणाली. “उजाडल्यापासनं धा येळा दारात येऊन गेले मी. गोमा कसा हाय माझा?”

हिरामणने डोक्यावरची पाटी उतरवून बंगल्याच्या मागच्या पायरीवर टेकवली. पाटीत झेंडूची फुलं होती, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या होत्या आणि नेरळ स्टेशनात मुंबईहून उतरलेलं एक खोकं होतं. त्याने डोक्यावरची चुंबळ सोडली आणि त्याच फडक्याने तोंड पुसलं. पुसतच राहिला.

“बरा हाय,” तो फडक्यातूनच म्हणाला.

“बरा म्हंजी कसा? रातचा झोपतो का? शेळीचं दूध पचतंय का त्याला?”

“झोपतो.”

“सासूबाय पाणी घालत असतील दुधात. त्यांना म्हणावं, उकळून घाला. हितं मडम एक थेंब उकळल्याबिगर कुणाला शिवू देत नाय. मलासुदीक आता सवय लागली बग.”

“सांगतो.”

गोमाला पुरून त्या दिवशी तिसरा दिवस होता.

सगळ्या बंगल्याला ते ठाऊक होतं. बटलरला ठाऊक होतं, कारण हिरामणने आदल्या दिवशी त्यालाच पहिल्यांदा सांगितलं होतं. मडमला ठाऊक होतं, साहेबाला ठाऊक होतं, खानसाम्याला आणि माळ्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या सुंदराला.

माथेरानावर आगगाडी चढायला तेव्हा दहा-बारा वर्षं अवकाश होता. साहेबलोक नेरळला उतरायचे आणि पुढचा डोंगर तट्टावर नाहीतर माणसांच्या खांद्यावर बसून चढायचे. त्यांचं सामान डोक्यावर घेऊन चढणारी माणसं खालच्या वाड्यांतली. हिरामण त्यातलाच एक. वीस वर्षांत त्याने त्या तांबड्या वाटेने काय काय चढवलं होतं! बर्फ चढवला होता, न्हाणीतली पत्र्याची टबं चढवली होती, एकदा सोळाजणांत मिळून साहेबलोकांचा वाजवायचा भला थोरला बाजा चढवला होता. एकदा एका साहेबाची शवपेटी चौघांत मिळून खाली उतरवली होती. ओझ्यात काय आहे हे त्याने कधी विचारलं नाही. दिलं ते डोक्यावर घ्यायचं आणि सांगितलं तिथं उतरवायचं. कुणाच्या तोंडावर उलट बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, आणि भला माणूस म्हणून वर आणि खाली त्याचं नाव होतं ते एवढ्याचसाठी.

सुंदराला या बंगल्यावर त्यानेच आणलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला हे साहेबाचं बिऱ्हाड मुंबईहून वर आलं. मडमच्या अंगावर दूध नव्हतं आणि पोर बाटलीच्या दुधावर वाळत चाललं होतं. बटलरने हिरामणला विचारलं, “तुझ्या वाडीत कोणी नवी बाळंतीण आहे? साफसूफ पाहिजे. चांगलं दूध पाहिजे.” हिरामणच्या शेजारी सदूचं घर. सदू पावसाच्या तोंडाला झाडावरून पडला, पाय मोडला तो वाकडाच बसला. त्याची बायको सुंदरा नुकतीच बाळंत झालेली. हिरामण त्यांच्या अंगणात उभा राहून म्हणाला होता, “शेळीच्या दुधावर पोरं वाढत नायत का? होळीपतुर तर जायचंय. मी रोज वर जातोय, रोजची खबर देईन की.”

त्याप्रमाणे तो रोज खबर देत आला होता. गोमा हसायला लागला. गोमाने मूठ तोंडात घातली. गोमाला सर्दी झाली, गेली. सुंदरा ऐकायची आणि पुन्हा आत जाऊन मडमचं पोर पदराखाली घ्यायची. बंगल्यात त्या पोराला सगळे बाबा म्हणत. सुंदराला रोज गुलाबी साबणाने छाती धुवावी लागे. मिरची खायची नाही, मडमच्या डोळ्यांसमोर दूध प्यायचं, कंपाउंडाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. पहिले पंधरा दिवस ती रडली. मग बाबा बाळसं धरायला लागला आणि तीही जरा हसायला लागली.

गोमाला जुलाब लागले आणि दोन दिवसांत तो गेला. तान्ह्या पोराला जाळत नाहीत. वाडीखालच्या ओहळाकाठी, करंजाच्या झाडाखाली त्याला पुरलं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचून बोरीच्या काट्या टाकल्या. राहिलं ते तिसऱ्या दिवसाचं. त्या वाड्यांत रीत अशी की अंगावर पिणारं पोर गेलं, की तिसऱ्या दिवशी दिवस बुडायच्या आत आईने त्या जागेवर आपल्या दुधाची धार सोडायची. म्हणजे पोर उपाशी जात नाही. नाहीतर ते घराभोवती दूध मागत फिरतं, असं बायका म्हणत. ही रीत मोडलेली कुणी पाहिली नव्हती.

“तिला घेऊन ये, हिरामण,” सदू म्हणाला होता. “तिसऱ्या दिशी, दिवस बुडायच्या आत. मला डोंगर चढता आला असता तर तुझ्या पाया पडलो नसतो.”

बटलर गोव्याचा, पिकल्या केसांचा माणूस. आदल्या दिवशी खबर ऐकून त्याने कपाळाला, छातीला आणि खांद्यांना बोटं लावून क्रूस केला, दोनदा अरेरे म्हटलं आणि आत गेला. बऱ्याच वेळाने तो परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

“मडम फार रडली,” तो म्हणाला. “चहासुद्धा घेतला नाही. बोलली, सुंदराला आत्ता सांगायचं नाही. सांगितलं तर दूध जाईल. नवं साल लागू दे. मग मडम स्वतः सांगेल, चांगल्या शब्दांत.”

“पण बटलरसायेब, उद्याच तिसरा दिस हाय. तिला येकदा खाली आलंच पायजे. सकाळी नेतो न् सांजच्याला आणून घालतो.”

“उद्या नाताळ आहे, हिरामण.”

“ते हायच, पण—”

“ऐक. तुमचं एक गेलं. ते आता येत नाही. हे दुसरं जिवंत आहे. धसक्याने तिचं दूध आटलं आणि हेपण गेलं, तर साहेब कोणाला धरेल? बाई आणली कोणी? खबर आणली कोणी?” मग त्याने हिरामणच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझ्यासाठीपण मडमने काहीतरी काढून ठेवलंय. उद्या बघशील. फार मोठ्या मनाची बाई आहे ती.”

हिरामण खाली आला. सदू अंगणात काठी घेऊन बसला होता. “आणतोस ना?” त्याने विचारलं. हिरामण म्हणाला, “आणतो.”

पण जना म्हातारीला ते खरं वाटलं नाही. जना वाडीची सुईण. गोमाची नाळ तिनेच कापली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे हिरामण पाटी घेऊन निघाला, तर ती वाटेतच उभी.

“तू काय तिला आणत नायस,” ती म्हणाली.

“आणतो म्हणालो ना.”

“तुझा बापपण असाच. समद्यांना हो म्हणायचा आणि मान खाली घालून निघून जायचा. हे घे.” तिने औषधाची एक निळी बाटली त्याच्या हातात कोंबली. “ती येत नसंल तर तिचं दूध तरी आण. धार तिच्या हातची पायजे, पण ऱ्हाऊ दे. दूध तिचं असलं म्हंजी झालं. एवढं तरी कर, मुडद्या. तूच धाडलीस तिला.”

ती बाटली आता हिरामणच्या कमरेला होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. खानसामा आत हंडीशी होता. बटलर पुढच्या पडवीत माळ्याकडून केळीचे खुंट बांधून घेत होता.

“सुंदरे,” तो म्हणाला, “गोमाचे डोळे आलेत जरा.”

“अगं बाय! कवापासनं?”

“दोन-तीन दिस झाले. जना म्हणाली, आईचं दूध घातलं का उतार पडतो. थोडं दे हिच्यात.”

सुंदराच्या चेहऱ्यावर काळजी आली, पण तिच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आलं. तीन महिन्यांत तिच्या पोराने तिच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. तिने बाटली घेतली आणि लाकडांच्या ढिगामागे जाऊन पाठमोरी बसली.

“लाल झालेत का रं लई?” तिने तिथूनच विचारलं.

“मिटूनच असतो.”

“चिकटत असतील. माझ्या भावाचे असेच यायचे.” ती हळूच हसली. “दादा, तुला गंमत सांगू? त्याचं नाव घेतलं का आपसूक येतं. बग, पिळायलासुदीक लागत नाय. बाबाला पाजताना मी मनात गोमा गोमा म्हणते, म्हणून तर त्याला पोटभर मिळतं. मडमला ठावं नाय ते.”

हिरामण कोंबड्यांच्या पायाची दोरी सोडायला लागला. ती सोडायची काही गरज नव्हती.

“झालं. गळ्यापतुर भरली.” ती बाटलीच्या तोंडात चिंधीचा बोळा बसवत उठली आणि बटलर समोर उभा होता.

तो काही ओरडला नाही. त्याने नुसता हात पुढे केला. सुंदराने बाटली दिली. मग तो दोघांना पुढच्या पडवीत घेऊन गेला.

पडवी झेंडूच्या माळांनी आणि केळीच्या खुंटांनी सजली होती. मडम वेताच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर लाल लोकरीचं काहीतरी होतं. तरुण, फिकट आणि बारीक अंगाची बाई. बटलर तिच्या भाषेत बोलला. तिने बाटलीकडे पाहिलं.

“मडम विचारते, दूध कोणासाठी?”

“माझ्या पोरासाठी,” सुंदरा घाईने म्हणाली. “डोळे आलेत त्याचे. घोटभर पण नाय, बाय. बाबाला कमी नाय पडणार, शप्पत.”

बटलरने हिरामणकडे पाहिलं. हिरामणने खाली पाहिलं. बटलरने सुंदराचं बोलणं मडमला सांगितलं, तशी मडमने तोंडावर हात घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. हिरामणला वाटलं, आता ही बोलेल. आता हिला राहवणार नाही, आणि आपल्या डोक्यावरचं आपोआप उतरेल.

मडम बोलली, पण बटलरशी.

“मडम बोलते, आज नाताळ आहे. आज कोणावर रागवायचं नाही. तुला माफ आहे. पण बाबाचं दूध बाहेर जायचं नाही. डॉक्टरचा हुकूम आहे.”

मग मडम उठली. तिने चिंधीचा बोळा काढला आणि बाटली शेजारच्या कुंडीत, विलायती फुलझाडाच्या बुंध्याशी, हळूहळू रिकामी केली. सकाळच्या उन्हात ती धार पांढरी शुभ्र दिसली. मातीने ती लगेच पिऊन टाकली. मडमने आपल्या रुमालाने बाटली आतपर्यंत पुसली आणि दुसऱ्याची वस्तू नीट परत करावी तशी हिरामणच्या हातात दिली.

हिरामणच्या जिभेवर शब्द आले होते. अगदी दातांपर्यंत आले. तेवढ्यात आत बाबा रडायला लागला आणि सुंदराच्या चोळीवर ओले डाग उमटले. “आले रं राजा,” म्हणत ती धावली. शब्द पुन्हा खाली गेले.

“मी निघू का?” त्याने बटलरला विचारलं. “मला दिवस बुडायच्या आत पोचायचंय.”

“देणगी घेतल्याशिवाय जाणार? मडमला वाईट वाटेल. तीन वाजता सगळ्यांनी इथं जमायचं.”

तीन वाजता सगळे पडवीत रांगेने बसले. साहेबही आला, चिरूट ओढत कठड्याशी उभा राहिला. या मडमची एक पद्धत होती आणि बटलरने ती सगळ्यांना चार दिवस आधी पढवून ठेवली होती. देणगी घ्यायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं, की या साली देवाने आपल्याला काय चांगलं दिलं. मग मडम त्याला त्याची वस्तू आपल्या हाताने देणार.

खानसाम्याने साहेबाच्या मिठाचं नाव घेतलं. माळी उठला, डोकं खाजवत म्हणाला, “यंदा वानरांनी येकच पपई खाल्ली.” सगळे हसले, मडमही हसली, आणि माळ्याला एक चाकू मिळाला. हिरामणची पाळी आली तेव्हा तो उठून आपल्या पायांकडे बघत राहिला.

“बोल की रं,” माळी पुटपुटला. “रोजचं ओझं आणतोस तसं आण कायतरी.”

“पाय धड हायत माझे,” हिरामण म्हणाला.

त्याला लाल कांबळं मिळालं, दुहेरी विणीचं, उबदार. असं कांबळं वाडीत कुणाकडे नव्हतं.

सुंदरा उठली. बाबा तिच्या खांद्यावर झोपला होता. नव्या नवरीसारखी ती लाजली, मग धिटाईने बोलली.

“देवानं मला दूध दिलं. येका अंगाला बायचं पोर वाढतंय. माझं पोर खाली वाढतंय. दोन्ही जिती हायत. आणखी काय मागायचं माणसानं?”

खानसामा उगाच खोकला. बटलरने मडमला काय सांगितलं कुणास ठाऊक, फार थोडं सांगितलं असावं. मडम पुढे झाली आणि तिने सुंदराला बाबासकट मिठी मारली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. साहेबाने चिरूटाची राख कठड्याबाहेर झटकली आणि तो आत निघून गेला.

सुंदराला निळं लुगडं मिळालं. त्यावर एक लाल लोकरीची टोपी होती, नारळाएवढ्या डोक्याची, खाली बांधायला दोन नाड्या.

“ही तुझ्या गोमासाठी,” बटलर म्हणाला. “मडमने स्वतः विणली. महिना झाला विणत होती. शेवटचे फेरे काल रात्री घातले. हातात घेतलेलं काम ती अर्धं सोडत नाही.”

सुंदरा टोपी गालाला लावून मडमच्या पायांवर वाकली. डोकं टेकवलं आणि उठेचना.

हिरामण मागच्या दाराशी येऊन रिकामी पाटी उचलत होता. ऊन पश्चिमेच्या झाडांत शिरलं होतं. एवढ्यात सुंदरा धापा टाकत आली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पदराखालून टोपी काढून त्याच्या हातात कोंबली. टोपी जड लागली. ओली होती.

“आतनं भिजवलीय,” ती कुजबुजली. “दोनी अंगाचं काढलं. वरनं बगणाऱ्याला कळायचं नाय. गोमाच्या डोळ्यांवर धर आणि कड पिळ. दोन थेंब तरी पडतील. मग उन्हात वाळवून घाल डोक्यात.” ती हसली. “बाटली वतली तिनं. टोपी कशी वतंल?”

हिरामणने टोपी कमरेला धोतराच्या गाठीत खोचली, कांबळं खांद्यावर टाकलं, आणि तो उतरायला लागला.

त्या वाटेने तो वीस वर्षांत कधी धावला नव्हता. ओझं घेऊन धावता येत नाही आणि ओझं नसलं की घाई नसते. आज तो धावला. वाटेतल्या जुम्मापट्टीपर्यंत ऊन त्याच्याबरोबर होतं, मग डोंगराची सावली पुढे गेली. पायाखाली खडे निसटत होते. समोरून नाताळचे पाहुणे खांद्यावर घेऊन येणारी माणसं विचारत होती, “काय रं, वाघ मागं लागला का?” वारा कोरडा होता, पौषाच्या तोंडाचा. नेरळ आलं, मागे पडलं. पुढे कळंबच्या वाटेला वाडी एक कोस. तो ओहळावर पोचला तेव्हा सूर्य माथेरानच्या डोंगरावर टेकला होता.

सदू करंजाखाली बसला होता. दुपारपासून बसला असावा. वाकडा पाय पुढे पसरून, काठी आडवी मांडीवर. त्याने हिरामणकडे पाहिलं, मग हिरामणच्या मागे पाहिलं. वाट मोकळी होती.

“ती कुठंय?”

हिरामणला धाप लागली होती.

“ती कुठंय, हिरामण?”

“सोडली नाय तिला.”

“तिला सांगितलंस?”

हिरामणने खांद्यावरचं कांबळं मागे सारलं. सदूची नजर त्याच्या खांद्यावर गेली.

“हे काय?”

“नाताळचं दिलं. समद्यांना दिलं.”

“समद्यांना दिलं,” सदू म्हणाला. “तुला उबारा केला म्हण की.” त्याने काठी उचलली. हिरामण मागे सरला नाही. मारली असती तर बरं, असं त्याला वाटलं. पण सदूने ती पुन्हा मांडीवर ठेवली.

हिरामणने टोपी काढली. “हिच्यात हाय. तिचं दूध. तिनं सोता भिजवून दिलंय.”

सदूने टोपी घेतली. काट्या बाजूला सारून तो दगडांवर वाकला आणि त्याने टोपी दोन्ही मुठींत धरून पिळली. काही पडलं नाही. पुन्हा पिळली. वाटेत वाऱ्याने आणि हिरामणच्या अंगाच्या तापाने लोकर कोरडी ठक्क झाली होती. पापडासारखी ताठ.

“ह्याच्यात काय हाय रं?” सदूचा आवाज फाटला. “कुठं हाय दूध?”

“थांब.” हिरामण ओहळाकडे धावला. कमरेची निळी बाटली भरून आणली आणि टोपीवर ओतली. सूर्य अर्धा गेला होता. सदूने पिळलं. पाणी आलं, पण लाल आलं. लोकरीचा रंग सुटला होता. दगडांवर तांबडे थेंब पडले आणि फटीतून आत गेले.

“हे दूध हाय?” सदू म्हणाला.

“हाय. वास घे. शप्पत, वास घे.”

सदूने टोपी नाकाशी नेली. त्याने ती तिथंच धरून ठेवली. त्याचे खांदे हलायला लागले, पण आवाज आला नाही. टोपीआडून तो म्हणाला, “तिचाच.” मग त्याने ती पुन्हा पिळली, आणखी एकदा पिळली, थेंब यायचा थांबेपर्यंत पिळत राहिला. तोवर सूर्य बुडाला होता. आधी बुडाला का थेंब आधी पडले, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. सदूने एक दगड उचलला, टोपी त्याच्याखाली घातली आणि काट्या पुन्हा जागच्या जागी लावल्या. हिरामणने खांद्यावरचं कांबळं काढून त्याच्यापुढे धरलं. सदूने त्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी हिरामण अंडी आणि पाव घेऊन डोंगर चढला. अंगावर जुनं घोंगडं होतं. सुंदरा मागच्या दारात उभी होती. नवं निळं लुगडं नेसली होती.

“पडले का थेंब?” तिने पाटी उतरायच्या आधीच विचारलं.

“पडले.”

“आणि डोळे?”

“आता तरास नाय त्याला.”

“बग, मी म्हटलं नव्हतं?” तिने समाधानाने पदर सारखा केला. “आणि टोपी? बसली का डोक्यात?”

हिरामणने चुंबळ सोडली, तोंड पुसलं.

“जराशी मोठी झाली,” तो म्हणाला.

“हुंदे की. वाढंल तो. फुडल्या नाताळाला बरुबर बसंल.”

आत बाबा रडला. ती वळली आणि चोळीची गाठ सोडत लगबगीने आत गेली. हिरामण खाली बसला आणि पाटीतली अंडी एकेक करून, फुटू नयेत अशी, पायरीवर काढून ठेवायला लागला.